मैना कुत्री अचानक भुसकटात जोडा घेऊन बसायलीय अन् जवळ गेलं की अंगावर येती, काय झालं असंल?

आखाड्यावरला (मानवत, परभणी)

राम राम मंडळी. थोडं लांबड लागंल पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या आखाड्यावर (शेतातल्या घरावर) मैना नावाची कुत्री हाय, कारवानी (शिकारी कुत्र्याची जात) क्रॉस, मावसभावानं चाकूरकडून पिल्लू आणून दिलतं, आता तीनेक वर्षाची आसंल. आजवर लेकरायनं शेपूट ओढलं, कान ओढले तरी हूं का चूं केलं नाही. रात्री रानडुकरं उठवायची अन् दिवसा ओट्यावर झोपायची एवढंच तिचं काम. दिवाळी झाली अन् काय झालं काय कळंना, सोयाबीनचं भुसकट गोठ्यामागं टाकलंय त्याच्यात खड्डा उकरायलीय, एक उकरती, त्यात गोल गोल फिरती, बसती, परत उठून दुसरा उकरती. पुतण्याचा एक जुना फाटका जोडा कुठून तरी उचलून आणला अन् तो पोटापाशी घेऊन चाटत बसायलीय. भाकरी टाकली तर वास घेऊन तोंड फिरवायलीय. रात्री कुणी नसताना बारीक आवाजात कुंई कुंई करती.

परवा पुतण्या (सहा वर्षाचा) जोडा घ्यायला गेला तर मनगटाला धरलं की तिनं. रक्त नाही आलं पण दाताचे लाल वळ उठले. धरून लगेच सोडलं, म्हणजे फाडलं वगैरे नाही. मायनं त्याच्यावर चुना लावला. माय म्हणती दृष्ट लागली, मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. शेजारच्या आखाड्यावरले म्हणायलेत पिसाळली, इख घाला नायतर गंगेपल्याड (गोदावरीपल्याड) सोडून या. दुसरं एक, बाजूच्या वावरात तुरीवर अळीची फवारणी चालूय, त्याचं काही पोटात गेलं असंल का?

लहान होती तवा पिसाळायची लस दिलती, त्याच्यानंतर नाही. मला तिला मारायचं नाही. पण घरात लेकरं हायेत. काय करावं सांगा.


गोदाकाठचा (नांदेड)

भाऊ सरळ सांगतो, पिसाळलीय. बांधून टाका लगेच. खात्री करायची आसंल तर पाण्याची बादली पुढं ठेवा, पाण्याला भ्याली तर पक्कं, पिली तर काही नाही. अन् पोराला घेऊन जा, पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील.


ढोरडॉक्टर (अंबाजोगाई)

नाव गावानं ठेवलंय, मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता घरी बसलोय. म्हणून जे सांगतो ते ऐका पण जनावर डॉक्टरला दाखवाच.

आधी पोराचं, कुत्रीचं नंतर. चुना धुवून काढा. चुना, हळद, तिखट, तेल काही लावायचं नाही. जागा नळाखाली धरून साबणानं चांगली पंधरा मिनिटं धुवायची, दोन दिवस होऊन गेले आसले तरी धुवा. अन् आजच्या आज ग्रामीण रुग्णालयात न्या. रक्त आलं नाही, नुसते वळ किंवा खरचटलं आसंल तरी लस लागतीच. रक्त आलं असतं तर जखमेत सिरम पण द्यावं लागलं असतं. तिथं ते स्वतः बघतील, तुम्ही घरी बसून ठरवू नका. पोटातल्या चौदा सुया कधीच्या बंद झाल्यात गोदाकाठचे भाऊ, ती भीती दाखवूनच लोकं दवाखान्यात जायना झालेत. आता दंडात देतात, सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत देतात, पहिल्या दिवशी, मग ३, ७ अन् २८ व्या दिवशी. लस चालू करायला कुत्रीचं काय होतंय त्याची वाट बघायची नाही. चालू करायची अन् कुत्रीवर १० दिवस नजर ठेवायची. दहा दिवस कुत्री ठणठणीत राहिली तर पुढच्या डोसाचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

पाण्याच्या बादलीचं तर एकदम चुकीचं. पाण्याला भिणं हे माणसाचं लक्षण. पिसाळलेलं कुत्रं पाण्यात तोंड घालतं, नाला ओलांडून जातं, मी बघितलंय. त्यामुळं पाणी पिली म्हणून बिनघोर राहू नका अन् नाही पिली म्हणून इख घालू नका.

आता मैनेचं. मला पिसाळल्यासारखं वाटत नाही पण वाटण्यावर जायचं नाही. पुढचं नीट बघून सांगा:

शेवटची माजावर कधी आली होती, भादव्यात का? तवा बांधलेली होती का मोकळी? थानं बघितली का, सुजलीत का, दाबू नका नुसती बघा. पाणी रोजच्यापेक्षा लई प्यायलीय का? मागून काही पू, रक्त, घाण वास? आवाज बदललाय का, घोगरा झालाय का? जबडा लोंबायलाय का, लाळ गळायलीय का, मागचे पाय ओढायलीय का? जोडा सोडून बाकी वेळेला तुम्हाला ओळखती का, शेपूट हलवती का?

फवारणीचं म्हणाल तर ते इतके दिवस चालत नाही. तुरीवरचं इख पोटात गेलं की काही तासातच लाळेच्या तारा, उलट्या, पातळ हगवण, अंग थडथड उडणं, डोळ्याची बाहुली बारीक टाचणीएवढी होणं हे सगळं दिसतं. तसं कधी दिसलं तर मीठ-पाणी पाजून उलटी करवत बसू नका, डबा किंवा त्याच्यावरची चिठ्ठी घेऊन पळा, कुठलं औषध हे कळलं की डॉक्टरला ॲट्रोपिन (त्या इखावरचा उतारा) द्यायचं का नाही ते लगेच ठरवता येतं. अन् अजून एक, ढोराचं गोचिडाचं औषध हिला लावलंय का कुणी? नायतर ढोराची सुई अंदाजानं टोचलीय? आपल्याकडं हे लई चालतं, म्हैस तीनशे किलोच्या वर अन् कुत्री पंचवीस किलोची, हिशोब कोण करतो.


आखाड्यावरला

दादा पोराला नेऊन आणलं, सुई दिली, पुढच्या तारखा लिहून दिल्यात. धुवायचंच सांगितलं तिथं बी.

तुम्ही विचारलं तसं बघितलं. थानं सुजलीत, मागची चार तर चांगली टरारून आलीत, बसली होती तिथं भुसकट ओलं झालतं म्हणजे दूध गळायलंय. भादव्यातच माजावर आली होती, तवा तिला कोठ्यात साखळीनं बांधून ठेवलं होतं, गावातले सगळे कुत्रे रात्रभर कोठ्याभवती. भरली नसंल आसं मला वाटतंय पण सालगडी म्हणतो एक रात्र दार उघडं राहिलं होतं, देव जाणे. पाणी नेहमीसारखं. मागून काही नाही. आवाज तोच. मला बघून शेपूट हलवती, डोकं बी चाटती, पण जोड्याकडं हात गेला की नाक आक्रसून दात दाखवती. गोचिडाचं औषध नाही लावलं.


पश्मीवाला (चाकूर, लातूर)

आता सगळं उघडं झालं की दादा. तुमची मैना आई झालीय, पिल्लं नसलेली. आमच्या घरात आजोबापासून कारवानी अन् पश्मी (त्याच जातीतली केसाळ) हायेत, हा खेळ दर सालाला कुणीतरी एक मादी करतीच. खोटं गाभण म्हणतो आम्ही. भादव्यात माज, दिवाळीनंतर खड्डे, हिशोब बरोबर दोन महिन्यावर बसतो. कुत्रीचे दिवस ६३ च्या आसपास, म्हणजे भरली असती तर जेव्हा व्याली असती, नेमकं त्याच टायमाला हे सुरू होतं.

कारण आसं की मादी कुत्रीचं अंग भरली काय अन् नाही भरली काय, माज गेल्यावर दोन महिने गाभण असल्यासारखंच चालतं, तेच हार्मोन वर राहतं. ते खाली उतरलं की दुधाचं हार्मोन वर चढतं, अन् मग थानं भरतात, जागा उकरणं येतं, अन् पिल्लू म्हणून जे सापडंल ते उचलती. आमच्या एका मादीनं मक्याचं कणीस सांभाळलं होतं. त्याची साल वाळून पडली तरी ती दाणे चाटायची, अन् गडी जनावराला वैरण टाकायला आला की कणसावर आडवी पडायची. म्हणून जोडा हा तिच्या लेखी जोडा नाहीच. पोरानं तिचं लेकरू उचललं. धरून सोडलं म्हणता, ते तिनं बजावलं, चावायचं आसतं तर कारवानीचा जबडा तुम्हाला माहितीय.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. जोडा तिच्या समोर हिसकायचा नाही. तिला रानात लांब फिरवून आणा, तेवढ्यात घरच्यांनी जोडा गायब करायचा अन् भुसकटातले खड्डे बुजवून टाकायचे, तिकडं जायची वाट बंद करायची. एक-दोन दिवस हुडकती, रडती, लक्ष देऊ नका. काम द्या, पळवा. थानाला हात लावायचा नाही, शेकायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही. म्हाताऱ्या बाया म्हणतात दूध काढून टाका म्हणजे हलकं वाटंल, पण जेवढं काढाल तेवढं अजून उतरतं, गाईचं तसंच कुत्रीचं. ती स्वतः चाटत आसंल तरी तेच होतं, जुना टी-शर्ट घालून पोटाखाली गाठ मारा. पंधरा दिवस तीन आठवड्यात आपोआप उतरतं बहुतेक. थान कडक, गरम, लाल झालं की मग थांबायचं नाही, ताप येतो, गाठ पिकती.


गोदाकाठचा

तुम्ही सगळे शिकलेले, बरोबर आसंल. पण माझ्या मामाच्या गावात एक कुत्री अशीच गप गप बसायची, कुणाला चावली नाही, भुंकली नाही, चौथ्या पाचव्या दिवशी मेली अन् नंतर कळलं पिसाळली होती. म्हणून म्हणलं. पिसाळलेलं म्हणजे पळत सुटतं अन् दिसंल त्याला चावतं आसं नसतंय.


ढोरडॉक्टर

भाऊ तुमचं हे बोलणं सगळ्यात कामाचं आहे, बादलीचं सोडून. गपगार पिसाळणं हा प्रकार खरंच असतो अन् तोच जास्त घातकी, कारण भीती वाटत नाही. कोपरा धरून बसतं, उजेड नको वाटतो, मग जबडा खाली लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळती. घरच्याला वाटतं घशात हाडूक अडकलंय. अन् माणूस काय करतो, माया म्हणून तोंडात हात घालून हाडूक हुडकतो. तिथंच घात. बोटाला बारीक चीर असली तरी पुरे. गाई-म्हशीचं तसंच, खात नाही, लाळ गळतीय, हंबरायलीय, म्हणून घशात काही अडकलं समजून हात घालतात. कुठल्याबी जनावराचा जबडा लोंबला, आवाज बदलला, मागचा भाग लुळा पडायला लागला तर हात घालायचा नाही, बंद खोलीत ठेवायचं अन् १९६२ ला (जनावराच्या सरकारी दवाखान्याचा नंबर) फोन करायचा किंवा दवाखाना गाठायचा.

मैनेत ह्यातलं काही नाही अन् दिवस जाऊ लागले तसं चित्र बदलंना, हे चांगलं. पिसाळलेलं जनावर लक्षण दिसायला लागलं की रोज खालीच जातं, दहा दिवसाच्या आत संपतं. तरी पश्मीवाल्यांनी सांगितलं म्हणून डॉक्टर टाळू नका. खोटं गाभण का खरं, हे बघणं जरुरीचं आहे, त्या एका रात्रीच्या दारामुळं. ४५ दिवसाच्या पुढं एक्स-रेत पिल्लाची हाडं दिसतात, सोनोग्राफीत त्याच्या आधी. दूध आटवायचं कॅबरगोलिन नावाचं औषध आहे, चांगलं आहे, पण खरंच गाभण असंल तर पिल्लं पडतील, म्हणून तपासल्याशिवाय मेडिकलवरून आणून द्यायचं नाही. आणखी एक, तिला उलटी-बिलटी होत असली तर घरातली मेटोक्लोप्रमाइड देऊ नका, त्यानं दुधाचं हार्मोन अजून वाढतं. हे लई जणांना माहिती नसतं.

मानवतहून परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय काही लांब नाही, तिथं सगळं होतं. लातूरकडच्यांना उदगीरचं जवळ.


मोसंबी (जालना, सध्या छत्रपती संभाजीनगर)

आम्ही फ्लॅटमधले कुत्रेवाले, रानातलं काही कळत नाही, पण दोन गोष्टी लिहिते कारण हा धागा नंतर कुणीतरी शोधत येईल.

पहिली, खोटं गाभण आणि गर्भाशयात पू होणं हे दोन्ही माज गेल्यावर साधारण त्याच दिवसात येतं. म्हणून दादांनी पाणी जास्त पिते का, घाण वास येतो का असं विचारलं. आमच्या सोसायटीतल्या लॅब्रॅडॉरचं असंच झालं, सुस्त पडून होती, बादलीभर पाणी प्यायची, सारखं लघवीला जायची, सगळे म्हणाले मूड ऑफ आहे तिचा, उलट्या सुरू झाल्यावर नेलं तेव्हा रात्रीतून ऑपरेशन करून गर्भाशय काढावं लागलं. आणि पू बाहेर दिसलाच पाहिजे असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर सगळा आतच साठतो आणि तो प्रकार जास्त वाईट. तेव्हा मादी, माज होऊन महिना-दोन महिने झालेत आणि पाणी वाढलंय, एवढं जुळलं की सकाळची वाट पण बघू नये.

दुसरी, नर असो मादी असो, कुत्र्याचा स्वभाव एका आठवड्यात बदलत नाही. बदलला तर आधी दुखतंय कुठं ते शोधायचं. आमचा पॉमेरेनियन म्हातारा आहे, डोक्याला हात लावला की फिस्कारायला लागला, सगळ्यांनी लाडानं बिघडला असं ठरवलं, कान उलटा करून बघितला तर आत काळी बुरशी आणि असा वास की बस. औषध घातलं, आठवड्यात परत मांडीवर. आता त्याचं वेगळंच चालू आहे, रात्री उठून भिंतीकडे बघत उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूनं बाहेर जायला बघतो, दिवसा झोपतो रात्री फिरतो. सासूबाई म्हणाल्या त्याला काहीतरी दिसतंय. डॉक्टर म्हणाले म्हातारपणात माणसाचं विसरायला होतं तसं कुत्र्याचंही होतं. रात्री एक छोटा दिवा चालू ठेवतो आणि सोफा-टेबल हलवत नाही, तेवढ्यानं पुष्कळ फरक पडला.

आणि ज्यांची मान एकदम तिरकी झाली, गोल गोल फिरायला लागलं, डोळे झोके खायला लागले त्यांनी लगेच लकवा म्हणून आशा सोडू नका. म्हाताऱ्या कुत्र्यात आतल्या कानातल्या तोलाचा बिघाड असतो, बऱ्याच वेळा आठ-पंधरा दिवसात उभं राहतं. दाखवायचं मात्र लगेच.


पश्मीवाला

मोसंबीताई बरोबर. त्यात गोचीडतापाची भर घाला. आपल्याकडं कुत्रं मलूल पडलं, खाईना, नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या, की निम्म्या वेळेला गोचीडच निघतो. रक्त तपासलं की कळतं, गोळ्या महिनाभर चालतात अन् लोकं आठवड्यात बंद करतात कारण कुत्रं खायला लागतं. अन् पिल्लू असंल, लस नसंल, डोळ्या-नाकातून घाण अन् मग एकच पाय किंवा जबडा सारखा उडायलाय, तर ते डिस्टेंपर, कुत्र्याचा विषाणूचा आजार. त्यालाबी गावात पिसाळलंच म्हणतात अन् दगडं घालतात.


आखाड्यावरला

मंडळी, परभणीला नेऊन आणलं. पिकअपमधी मागं बसवली, तोंडाला मऊ दोरी बांधून. सोनोग्राफीत पोटात काही नाही, रिकामं. खोटं गाभणच म्हणाले. गर्भाशयबी साफ हाय. पिसाळायची लस परत देयाची म्हणाले पण पोराला धरल्यापासूनचे दहा दिवस होऊ द्या, तवर वेगळी बांधा, मग आणा. दूध आटवायच्या गोळ्या दिल्यात थोड्या, पहिल्या गोळीला उलटी केली तिनं, फोन लावला तर म्हणाले भाकरी चारून मग द्या.

जोडा पश्मीवाल्या दादानं सांगितलं तसाच काढला. मी साखळी धरून उसाच्या फडापर्यंत नेली, तवर मायनं जोडा नेऊन टाकला. परत आल्यावर सगळं भुसकट हुंगलं, मग गोठ्यात जाऊन वासराच्या गळ्यातली घुंगराची पट्टी ओढायली. ती बी उचलून ठेवली. आता ओट्यावर पडलीय, भाकरी निम्मी खाल्ली. माय म्हणती माझ्या मीठ-मिरच्यानंच उतरलं, म्हणू द्या.

एक इचारायचं राहिलं, गावात सगळे म्हणतात एकदा पिल्लं होऊ द्या म्हणजे पुन्हा आसं होत नाही. खरंय का? का ऑपरेशन करून टाकावं? अन् करायचं तर लगेच केलं तर चालतं का?


ढोरडॉक्टर

पिल्लं झाल्यानं थांबत नाही. व्यालेल्या माद्या पण पुढच्या माजानंतर खोटं गाभण दाखवतात, हे पश्मीवालेच सांगतील. ज्या मादीला एकदा झालं तिला परत व्हायची शक्यता राहतीच. अन् पिल्लं होऊ द्या म्हणणारे पिल्लं घ्यायला येत नाहीत.

ऑपरेशन चांगलं, पू व्हायची भीतीच मिटती. पण आत्ता नाही. अंगात दूध असताना केलं तर हे सगळं लांबतं, कधी कधी महिनोन्महिने. दूध पूर्ण आटू द्या, माजाला तीन-चार महिने होऊ द्या, म्हणजे तुमच्या हिशोबानं मार्गशीर्षात-पुसात. पुढच्या माजाच्या आधी करायचं. घरात पाळलेल्या कुत्र्या वर्षात दोनदा माजावर येतात, त्यामुळं भादवा येईपर्यंत वेळ आहे आसं समजू नका.


पश्मीवाला

हाव, खरंय, आमची ती कणसवाली दोनदा व्यालेली होती.

अन् आखाड्यावरले दादा, ऑपरेशनला न्याल तवा कारवानी रक्ताची हाय हे डॉक्टरला आधी सांगा. ह्या जातीच्या अंगावर चरबी नसती, भुलीची काही जुनी औषधं उतरायला लई टाइम घेतात. त्यांना माहिती असतंय, पण क्रॉस दिसायला साधी दिसती म्हणून सांगितलेलं बरं. अन् परत येताना पोतं अंथरून, पांघरूण घालून आणा, पुसात पिकअपमधी गारठती.